नर नाही तरी पिल्लं, आणि पिल्लांत फरक कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या पावसाळ्यात मोगऱ्याची कुंडी बदलताना मुळांमध्ये बुटाच्या लेसएवढं काहीतरी काळपट, चकचकीत वळवळताना दिसलं. शेजारच्या काकू म्हणाल्या गांडूळ आहे, टाका परत मातीत. म्हटलं काकू, गांडुळाला खवले नसतात आणि जीभ बाहेर काढून ते वासही घेत नाही, हा वाळा आहे, साप. आणि खरं तर ‘हा’ नाही, ‘ही’, कारण वाळ्यात सगळ्या माद्याच असतात, नर लागतच नाही. हे सांगितलं तिथेच चुकलो, त्यानंतर जे प्रश्न सुरू झाले ते काकूंकडून त्यांच्या बारावीतल्या नातवाकडे, त्याच्याकडून त्याच्या क्लासच्या पोरांकडे असे पसरत गेले. फिरून फिरून तेच विचारतात म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

नर नसताना पिल्लं होतात म्हणजे आत नेमकं काय होतं?

पुस्तकातला शब्द अनिषेकजनन. बीजांड शुक्राणूची वाट न बघता आपलं आपणच वाढायला लागतं, एवढंच. अडचण असते ती क्रोमोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांच्या (गुणसूत्रांच्या) हिशोबाची. नेहमीच्या रीतीत बीजांड तयार होताना आईचे क्रोमोसोम निम्मे होतात, उरलेले निम्मे बापाने आणायचे असतात. बापच नाही तर हा खड्डा भरायचा कोणी? प्राण्यांनी यावर वेगवेगळ्या तोडी काढल्यात. पिकांवरचा मावा आणि मार्बल्ड क्रेफिश (गोड्या पाण्यातला एक झिंग्यासारखा प्राणी) निम्मे करायच्या भानगडीतच पडत नाहीत, आईचा अख्खा संच तसाच अंड्यात. अमेरिकेतले व्हिपटेल सरडे आधी सगळं दुप्पट करून घेतात आणि मग निम्मं करतात, म्हणजे हिशोब परत जागेवर. तिसरी तोड कोमोडो ड्रॅगनची, म्हणजे इंडोनेशियातल्या अजस्र घोरपडीची, तिथे निम्मे तर करतात पण बीजांड बनताना बाजूला पडलेली जी छोटी पेशी असते तीच परत बीजांडाला जोडली जाते, म्हणजे शुक्राणूचं काम घरातल्याच माणसाने केलं.

ही तोड कुठली यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, पिल्लं आईसारखी किती आणि वेगळी किती, म्हणून हे आधी सांगितलं. बाकी प्रश्नांत हेच सारखं येणार आहे.

म्हणजे सगळ्या पोरी आईची झेरॉक्सच ना?

जवळजवळ. सगळी गंमत या ‘जवळजवळ’मध्ये आहे.

आधी झेरॉक्सची बाजू. १९७६ साली ओर्लांडो कुएलार यांनी एक प्रयोग छापला, व्हिपटेलच्या एका बिननराच्या जातीत एकीच्या कातडीचा तुकडा दुसरीवर लावला, तर अंगाने तो परका म्हणून टाकला नाही, घेतला. तुमची-माझी कातडी सख्ख्या भावावर लावली तरी काही दिवसांत गळून पडेल, फक्त एकसारखी जुळी असतील तर टिकते. म्हणजे रानात फिरणाऱ्या त्या माद्या एकमेकींच्या जुळ्या बहिणींसारख्याच.

आता दुसरी बाजू. आर्मेनियाच्या डोंगरातल्या खडकांवर राहणाऱ्या पाली आहेत, इल्या दारेव्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की काही ठिकाणी कितीही पकडा, नर सापडतच नाही. त्याने हे १९५८ मध्ये छापलं, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात नराचा अजिबात संबंध न येता वंश चालतो हे त्याआधी कोणी दाखवलेलं नव्हतं, आज त्या पालींच्या पूर्ण गटाला त्याचंच नाव आहे, दारेव्स्किया. पुढे मॉस्कोच्या लोकांनी या पालींची आई आणि तिची पिल्लं यांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून तपासला. डीएनएत काही जागा अशा असतात की तिथे तीच चार अक्षरं परत परत येतात, जीएटीए जीएटीए जीएटीए अशी. कॉपी करताना पेशीचं इथे हमखास चुकतं, जपमाळ ओढताना लक्ष गेलं की एखादा मणी दोनदा ओढला जातो नाहीतर एखादा सुटतो तसं. आणि तसंच निघालं, बाकी सगळं आईसारखं पण काही पिल्लांत या माळेत एखादा मणी जास्त किंवा कमी. बाप नाही, संकर नाही, तरी आई आणि पोर यांच्यात फरक. हे ताजं म्युटेशन, एका पिढीत पकडलेलं.

म्युटेशन म्हणजे बिघाडच ना? तो येतो कुठून?

बिघाड म्हणू नका, कॉपीतली चूक म्हणा. डीएनए कॉपी होताना चुका होतातच, बहुतेक दुरुस्त होतात, थोड्या राहतात. माणसात प्रत्येक बाळ आई-बाप दोघांतही नसलेली साधारण ६०-७० नवी म्युटेशन घेऊन जन्माला येतं, तुमच्यातही आहेत, माझ्यातही. त्यातल्या बहुतेकांनी काहीच होत नाही.

नर असो वा नसो, चुका थांबत नाहीत. फरक पडतो तो चूक झाल्यावर पुढे काय होतं यात. नर-मादीच्या रीतीत तुमच्यातलं एखादं म्युटेशन पोरात जायची शक्यता निम्मी, नाणेफेक. आईचा अख्खा संच जसाच्या तसा देणाऱ्या प्राण्यात नाणेफेकच नाही, चूक झाली की त्या मादीच्या सगळ्या पोरी, नाती, पणत्या, सगळ्यांना ती मिळणार. चांगली असली तरी आणि वाईट असली तरी.

मग वाईट म्युटेशन साचत जाऊन वंश बुडत नाही का?

हा प्रश्न बारावीतल्या पोराने विचारला आणि मी खूश झालो, कारण हर्मन मलर यांनीही हाच धरला होता. मलर म्हणजे एक्स-रेने म्युटेशन होतात हे दाखवणारे, १९४६ चं नोबेल मिळालेले. त्यांचं म्हणणं जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतो तसं आहे, चाक टक टक करत एकाच बाजूला सरकतं, खटका बसला की मागे येत नाही. याला मलरचं रॅचेट म्हणतात.

घरातलं उदाहरण देतो. आजीची लोणच्या-मसाल्याची वही दोन सुनांनी उतरवून घेतली. एकीने आंब्याच्या लोणच्यात मोहरीच्या डाळीचं माप चुकवलं, दुसरीने गोड्या मसाल्यात दगडफूलच गाळलं. दोघी एकत्र बसल्या तर लोणचं हिच्या वहीतलं आणि मसाला तिच्या वहीतला असं करून बिनचूक वही परत तयार होते. नर-मादीच्या वंशात दर पिढीत हेच चालतं, दोन वह्यांची पानं पिसून नवी वही, काही पोरांच्या वाट्याला चुका जास्त येतात काहींच्या कमी, आणि जास्तवाली मागे पडतात. पण प्रत्येकीने फक्त आपल्या आईचीच वही उतरवायची असं ठरलं तर चुका वाढतच जाणार. शिवाय याची उलटी बाजूही आहे जी लोक विसरतात, एका बहिणीत एक चांगलं म्युटेशन झालं आणि दुसरीत दुसरं, तर ती दोन्ही एका अंगात येणं जवळपास अशक्य, दोन्ही एकाच रांगेत ओळीने व्हायला लागतात.

मग हे प्राणी अजून जिवंत कसे?

बहुतेक नाहीत, खरं सांगायचं तर. प्राण्यांच्या वंशवृक्षात बिननराच्या जाती साधारण फांद्यांच्या टोकाला दिसतात, नवीन फुटव्यासारख्या, जुनी जाड फांदी अशी क्वचितच. पण जे टिकलेत त्यांनी काय काय केलंय ते बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे यातले पुष्कळ मुळात संकर आहेत. न्यू मेक्सिकोचा व्हिपटेल दोन वेगळ्या जातींच्या संकरातून आलाय, दारेव्स्कीच्या पालीही तशाच. दोन जाती म्हणजे प्रत्येक जीनच्या दोन बऱ्यापैकी वेगळ्या आवृत्त्या एकाच अंगात, एक बिघडली तर दुसरी चालवून नेते. प्रश्न होता की अंडं बनताना ही दोन घराण्यांची जोडी फुटत कशी नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या स्टॉवर्स इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या लोकांनी ते दाखवलं. क्रोमोसोम आधी दुप्पट होतात आणि मग जोड्या लावायची वेळ येते तेव्हा प्रत्येक क्रोमोसोम दुसऱ्या घराण्यातल्या जोडीदाराबरोबर न जाता स्वतःच्याच ताज्या कॉपीबरोबर जातो. तुकड्यांची देवाणघेवाण होते पण सारख्याशी सारख्याची, शंभराची नोट देऊन शंभराची घेतली. म्हणून संकराचं वैविध्य पिढ्यानपिढ्या बंद डब्यात राहिल्यासारखं टिकतं. हे वैविध्य दोन पालींच्या मध्ये नाही, एकाच पालीच्या आत आहे, ही गोष्ट नीट कळली की अर्धे प्रश्न संपतात.

आपल्या कुंडीतल्या वाळ्याकडे क्रोमोसोमचे दोन नाही तर तीन संच आहेत. तिघांची जोडी लागत नाही, त्यामुळे नर-मादीच्या रीतीकडे परत जायची वाटही बंद. काही बिघडलंय असं मात्र वाटत नाही, आपल्या भागातून कुंड्या-रोपांच्या मातीबरोबर निघून आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर पोचलाय. एकच मादी पोचली तरी पुरते ना.

सगळ्यात जुनं बिननराचं घराणं कुठलं?

डेलॉइड रोटिफर. भिंतीवरच्या शेवाळात, पन्हाळीच्या गाळात राहणारे सूक्ष्म जीव, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात. साडेचारशेच्या आसपास जाती आणि एकातही नर कोणी पाहिलेला नाही, काही कोटी वर्षं हे असं चाललंय. मलरच्या हिशोबाने हे कधीच संपायला हवे होते. यांची खोड अशी की पाणी आटलं की पार सुकून पडतात, डीएनएचे तुकडे तुकडे होतात, पाणी आलं की ते परत सांधतात. सांधताना बाहेरचे तुकडेही आत शिवले जातात, बुरशीचे, बॅक्टेरियाचे, झाडांचे. २०१३ मध्ये एका जातीचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तेव्हा सुमारे ८ टक्के जीन प्राण्यांचे वाटतच नव्हते. वैविध्य हवंय, नर नाही, तर उसनं आणा, असा प्रकार. २०२१ मध्ये सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून २४,००० वर्षांपूर्वीचा रोटिफर काढला, वितळल्यावर हलायला लागला आणि पुढे त्याने प्रजाही दिली. अर्थात नराशिवाय. अलीकडे काही जण म्हणतात की यांच्यातही क्वचित आपापसात जीनची अदलाबदल होत असावी, तो वाद चालू आहे.

कोमोडो ड्रॅगनच्या मादीला एकटीला पिल्लं झाली ती सगळी नर कशी?

२००६ ची गोष्ट, इंग्लंडमधल्या लंडन आणि चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयातल्या. चेस्टरच्या मादीचं नाव फ्लोरा, नराशी कधी भेटच नाही तरी अंडी फळली. आपल्यात एक्स-वाय असतं, यांच्यात झेड-डब्ल्यू, आणि उलटं, दोन सारखे म्हणजे झेडझेड असले की नर आणि वेगळे म्हणजे झेडडब्ल्यू असले की मादी. मघाशी सांगितलं तसं बीजांडाला बाजूची पेशी जोडली जाते आणि ती जवळपास बीजांडासारखीच असते, त्यामुळे झेडला झेड मिळाला तर नर, डब्ल्यूला डब्ल्यू मिळाला तर ते जगतच नाही. राहिले फक्त मुलगे.

यात खरी किंमत वेगळीच आहे. या पद्धतीत पिल्लाच्या बहुतेक जीनच्या दोन्ही आवृत्त्या सारख्या होतात. आईत एक चांगली एक बिघडलेली असं दबून राहिलेलं जे काही असेल ते पिल्लांत उघडं पडतं. म्हणून वैविध्याचा हिशोब व्हिपटेलच्या बरोबर उलटा, तिथे सगळं जपलं जातं, इथे एका पिढीत बरंचसं उडून जातं. पण पिल्लं आईसारखी नसतात, एकमेकांसारखीही नसतात, कारण कुठली आवृत्ती कोणाला दुहेरी आली हे प्रत्येकाचं वेगळं. टर्की कोंबड्यांत अमेरिकेत १९५० च्या दशकात असंच दिसलं होतं, तिथेही पिल्लं सगळी नरच.

आमच्या कोंबड्या कोंबडा नसताना अंडी देतात, ते हेच का?

नाही. ती नुसती न फळलेली अंडी, कितीही उबवली तरी साधारणपणे काही निघत नाही. आमलेट करा.

माझ्या टाकीत फक्त गप्पीच्या माद्या आहेत तरी पिल्लं झाली!

दुकानात ती नराबरोबर होती. गप्पीची मादी शुक्राणू काही महिने साठवून ठेवते. हे उत्तर दिलं की लोक हिरमुसतात, पण काय करणार. एकट्या मादीला पिल्लं झाली म्हणून शास्त्रज्ञ लगेच नाचत नाहीत, आधी डीएनए तपासून बाप खरंच नाही हे बघतात, ते याचसाठी.

नर हवा पण बाप नको असा मासा असतो म्हणे?

असतो, अमेझॉन मॉली, टेक्सास आणि मेक्सिकोच्या बाजूला. नाव नदीवरून नाही, ग्रीक कथांतल्या लढवय्या बायकांवरून. १९३२ मध्ये हब्ज नवरा-बायकोने हा प्रकार जगापुढे आणला. मादीला अंडी वाढायला सुरुवात व्हावी म्हणून शेजारच्या जातीच्या नराचा शुक्राणू लागतो, पण त्यातला डीएनए ती घेत नाही, टाकून देते. नवरदेव फक्त नारळ फोडायला. हाही दोन जातींचा संकर, लाखभर वर्षांपूर्वीचा. २०१८ मध्ये जीनोम वाचला तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की आत भंगार साचलेलं दिसेल, तर तसं काही फार सापडलं नाही. आणि एक मजा, क्वचित नराच्या क्रोमोसोमचा एखादा बारका तुकडा चुकून आत राहून जातो आणि त्या मादीच्या वंशात पुढे चालतो.

डीएनए एकच असेल तर दिसणं-वागणंही एकच हवं ना?

इथे मार्बल्ड क्रेफिश बघा. १९९५ च्या सुमारास जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत ही पहिल्यांदा दिसली, तिच्याआधी जगात कुठल्याही नदीत ही अशी माहीत नव्हती. फ्लोरिडाच्या क्रेफिशची कोणीतरी एक पोर तीन संच घेऊन जन्मली असावी आणि ही सगळी तिची लेकरं. पुढे मादागास्करला पोचली, तिथे तिला फोझा ओराना म्हणतात, २००७ ते २०१७ या दहा वर्षांत तिचा मुलूख साधारण शंभरपट झाला. २०१८ मध्ये हायडेलबर्गच्या फ्रँक ल्युको यांच्या टीमने जर्मनीतल्या आणि मादागास्करच्या क्रेफिशचे जीनोम जुळवून पाहिले, साडेतीन अब्ज अक्षरांत फरक निघाले ते काहीशेच. म्हणजे अख्खी जात एकच क्लोन.

पण एकाच आईच्या पोरी, एकाच टाकीत, एकच खाणं, तरी पाठीवरची संगमरवरी नक्षी प्रत्येकीची वेगळी, वाढ वेगळी, आयुष्य वेगळं, वागणंही वेगळं, एक दादागिरी करते एक कोपऱ्यात बसते. अमेझॉन मॉलीतही बर्लिनच्या लोकांनी पाहिलं, जन्मापासून सारख्या वातावरणात वाढवलेल्या क्लोन बहिणींचे स्वभाव वेगळे निघाले. हे म्युटेशन नाही. वाढताना पेशीपेशीत होणारे योगायोग, कुठला जीन कधी चालू कधी बंद, याचा हा खेळ. म्हणून फरक दिसला की लगेच म्युटेशन म्हणू नका, हे मी पोरांना दहादा सांगतो.

मग शेतातला मावा औषधाला इतक्या लवकर कसा सरावतो?

चुका प्रत्येक प्राण्यामागे थोड्याच, पण प्राणी कोट्यवधी. मावा आपल्याकडच्या उष्ण हवेत बहुतेक करून वर्षभर नराशिवायच वाढतो, आठवड्या-दीड आठवड्यात पुढची पिढी. हिरव्या माव्यात कीटकनाशक पचवणाऱ्या एंझाइमचा जीन काही वंशांत डुप्लिकेट होत होत ८० कॉप्यांपर्यंत गेलेला सापडलाय, इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात हे उलगडलं. अशी एक मादी फवारणीतून वाचली की पुढचा सगळा मावा तिचाच, बापाच्या जीनमुळे तो गुण पातळ होत नाही.

उसाचा लोकरी मावा आठवत असेल, २००२ मध्ये सांगलीकडे दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकात पानं पांढरी, खालची काजळीने काळी. तोही असाच नराशिवाय वाढणारा. शेवटी आवरला तो मुख्यतः डिफा आणि मायक्रोमस या त्याला खाणाऱ्या किड्यांनी.

एवढं सोपं असेल तर निसर्गाने नर ठेवलेच कशाला?

सगळ्यात पटणारं उत्तर न्यूझीलंडच्या तळ्यांतल्या एका गोगलगायीने दिलंय. तिच्यात दोन्ही प्रकार एकाच जातीत आहेत, नर-मादीवाल्या आणि एकट्या. कर्टिस लाइव्हली यांनी १९८७ मध्ये दाखवलं की जिथे तिला वांझ करणारे परजीवी कृमी जास्त, तिथे नर जास्त. पुढे असंही दिसलं की जो क्लोन तळ्यात सगळ्यात जास्त झाला, कृमी थोड्या काळाने त्याच्यावरच तुटून पडतात. सगळ्यांचं कुलूप एकच असेल तर चोराला एक किल्ली पुरते.

माणसात होऊ शकतं का? खरं सांगा.

नाही. सस्तन प्राण्यांत काही जीन आईकडून आले तरच चालतात आणि काही बापाकडून आले तरच, त्यांच्यावर तसे शिक्के असतात, दोन्ही नसतील तर गर्भ पुढे जात नाही. २००४ मध्ये जपानमध्ये कागुया नावाची बिनबापाची उंदरीण जन्मली खरी, पण तिला दोन आया होत्या आणि एकीचे जीन आधी बदलावे लागले होते. बाईच्या अंडाशयात कधीकधी केस-दात असलेली गाठ सापडते, ती मात्र न फळलेलं बीजांड आपणहून वाढायला लागल्यामुळेच होते. ती बाळ नव्हे.

घरी हे बघता येईल का?

येईल की, आणि फुकट. हिवाळ्यात पावट्याच्या किंवा वालाच्या वेलाचा कोवळा शेंडा उलटा करा, काळा मावा चिकटलेला दिसेल. साधं भिंग घ्या, दहा-पंधरा मिनिटं हलू नका. एखादी जाडसर मादी मागचा भाग जरा उचलून धरते, तिथून फिकट रंगाचा एक ठिपका बाहेर येतो, आधी शेपटीकडची बाजू, पाय अंगाशी दुमडलेले, डोकं सगळ्यात शेवटी. थोडा वेळ तो तसाच लोंबतो, मग पाय सोडवून शेंड्याला धरतो आणि सोंड खुपसून रस ओढायला लागतो. त्या ठिपक्याच्या पोटात तिची पोर आधीच वाढायला लागलेली असते, म्हणजे तुम्ही एका वेळी आजी, आई आणि नात बघताय. काकूंना दाखवलं तर त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि राखेचा डबा आणायला आत गेल्या.